टिपणीससाहेबांचा साक्षीदार

वसंतराव टिपणीस वारले तेव्हा कुळगावातल्या दोघा-तिघांनी दुकानात येऊन मला सांगितलं, "दामूशेठ, चार शब्द लिहा. तुम्ही त्यांना जवळून ओळखत होता." ओळखत होतो हे खरं आहे. पण शोकसभेत लोक जे बोलले ते मला लिहिता येणार नाही. तिथे सगळे एकाच बाजूने बोलत होते, आणि एका बाजूचं बोलणं टिपणीससाहेबांना सहन होत नसे. मीही सहन करून घेतलं नाही. मधूनच उठून आलो.

त्यांची माझी ओळख झाली ती भावावरून. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये माझं तयार पँटींचं दुकान. आजूबाजूला सगळे सिंधी व्यापारी. त्यांच्यात राहून मी धंदा शिकलो आणि त्यांच्याहून चार आणे जास्तच शिकलो. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना त्याचा खिसा मला कळतो. हा माणूस चढला तेव्हा काहीच कळलं नाही. किडकिडीत, पँट पोटाच्या बरीच वर बांधलेली, खिशात तीन पेन्सिली. अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पँट हातात घेतली, शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "भाव सांगितलास तो बरोबर आहे. आधी तुझी बाजू मी मांडतो."

आणि खरंच मांडली. कापड, अस्तर, कारागिराची मजुरी, न खपलेला माल, पावसाळ्यातलं नुकसान. करंगळीपासून एकेक बोट मिटत ते माझ्या वतीने बोलत होते आणि मी ऐकत होतो. इतकी चांगली बाजू मलाही कधी मांडता आली नव्हती. मग म्हणाले, "आता माझी." दोन्ही झाल्यावर डोळे मिटून क्षणभर थांबले आणि निकाल दिला. निकालाचा भाव मी मनात धरलेल्या शेवटच्या भावाइतकाच होता. शेजारचा चंदूमल गल्ल्यावरून ओरडला, "अरे दामू, इसको नौकरी पे रख ले!"

पुढे मी बदलापुरात जागा घेतली तेव्हा कळलं की ते कुळगावात आमच्याच आळीत राहतात. मग जाणं-येणं वाढलं. त्यांच्या घरी बसलं की चहा येई आणि वाद येई. समोरचा माणूस बोलताना अडखळला की इतर लोक त्याला तिथेच पकडतात. टिपणीससाहेब म्हणत, "थांबा, तुमचा मुद्दा अजून पुरता झाला नाही. मी पुरा करतो." आणि तो असा पुरा करत की मूळ माणसालाच आपण एवढे हुशार आहोत हे नव्याने कळे. त्यानंतर ते तो मुद्दा पाडत. पडलेला माणूस खूष होऊन घरी जाई.

टिपणीसबाईंना याचं कौतुक नव्हतं. "आमच्याकडे कालवण कसलं करायचं यावरसुद्धा दोन्ही बाजू ऐकून घेतात," त्या म्हणायच्या. "तोवर भात करपतो."

आणीबाणीत साहेब तुरुंगात होते. हे मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही, टिपणीसबाईंनी सांगितलं. नोकरी वाचली पण बढती गेली ती गेलीच. पुढे सरकार बदललं आणि तुरुंगात गेलेल्यांचे सत्कार सुरू झाले तेव्हा मंडळी हार घेऊन त्यांच्या दारात आली. साहेब म्हणाले, "मी आत नुसता बसलो होतो. बसण्याचा सत्कार कसला करता?" आणि आतून सुपारी आणून दिली. वादातही ते तुरुंगाचं नाव काढत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "दामू, आपलं दुखणं वादात आणलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. तोंड बंद केलेल्या माणसाला हरवण्यात काय अर्थ?"

मला हे फार मोठं वाटलं. मी रागीट माणूस. गिऱ्हाईकाने कापडाला नाव ठेवलं तरी माझं डोकं फिरतं. या माणसाचं आयुष्य कुणीतरी मोडलं होतं आणि तो तिच्याबद्दल बोलतानाही आधी तिची बाजू मांडत होता.

तिच्याबद्दल म्हणजे बाईंबद्दल. नाव घ्यायची गरज नव्हती. पंतप्रधान असताना आणि गेल्यावरही आमच्याकडे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि त्यावरून भांडणं होत. एकाच घरात बापाने त्यांचा फोटो लावावा आणि मुलाने तो काढावा, असं आमच्या आळीतच दोन घरांत होतं.

माझं बाईंशी भांडण माझ्यापुरतं होतं. आणीबाणीत माझी कॅम्प एकमधली टपरी पाडली. पर्यायी गाळे मिळत होते, पण कचेरीतला माणूस म्हणाला, आधी ऑपरेशनचा दाखला आण, मग अर्ज घेतो. ऑपरेशन कसलं ते त्या दिवसांत कुणाला सांगावं लागत नसे. मला तेव्हा एक मुलगी होती, दीड वर्षांची. मी आणि बायको रात्रभर बोललो आणि सकाळी मी गेलो. पण जाण्याआधी कचेरीत सौदा केला. म्हटलं, दाखला आणतो, पण मागचा गाळा घेणार नाही. रस्त्यावरचा, कोपऱ्यातला पाहिजे. तो माणूस हसला. मी तिथून हललो नाही. कोपऱ्याचा कबूल करून घेतला आणि मगच गेलो. आज माझं जे काही आहे ते त्या कोपऱ्यावर उभं आहे.

हे बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माझ्या आईला तर नाहीच. तिला नातू हवा होता. तिने बायकोला किती देवांना नेलं याचा हिशोब नाही. बायको निमूट जायची, मागून आईचे टोमणेही ऐकायची. मी सांगतो म्हटलं तर म्हणायची, "राहू दे. तुम्हाला बाजारात मान आहे. बोलणी खाणारी मी आहेच."

एका महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळात आई तिला नवस बोलायला घेऊन गेली. आत ही गर्दी. बाहेर चपला सांभाळत मी आणि टिपणीससाहेब उभे. ते सहज म्हणाले, "आईंची श्रद्धा मोठी आहे हो." आणि माझ्या तोंडून सगळं गेलं. टपरी, दाखला, कोपऱ्याचा गाळा, सगळं. सौद्याचं सांगताना मी हसलोसुद्धा असेन. साहेब हसले नाहीत. बराच वेळ देवळाच्या कळसाकडे, म्हणजे जिथे कळस नाही तिथे, बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे राहील हे."

बाईंची हत्या झाल्यावर दोनेक वर्षांनी आमच्या गणेशोत्सव मंडळाने अभिरूप न्यायालय करायचं ठरवलं. खोटं कोर्ट, खरे आरोप, दोन बाजूंचे वकील, न्यायाधीश म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि साक्षीदार म्हणून मंडळातलीच पोरं सोंग घेऊन. आरोपी: बाई.

बैठकीत खूप आरडाओरड झाली. एक जण म्हणाला, "गेलेल्या माणसावर खटला? त्यांनी देशासाठी जीव दिला!" दुसरा म्हणाला, "जीव दिला म्हणून जे केलं ते पुसलं जातं काय?" टिपणीससाहेब म्हणाले, "दोन्ही मुद्दे न्यायालयात मांडा. इथे आवाज फुकट घालवू नका." फिर्यादीचे वकील तेच असणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. बचावाला कोण, म्हणताना साहेबांनीच नाव सुचवलं: सुनंदा गायकवाड. बौद्धवाड्यातली, सरकारी बँकेत कारकून, बोलायला सुरीसारखी. काही जणांनी तोंडं वाकडी केली तर साहेब म्हणाले, "ती नसेल तर मीही नाही. दुबळ्या वकिलाशी मी लढत नाही."

मला ते घरी येऊन म्हणाले, "दामू, सोंगाचे साक्षीदार मला नकोत. तू ये. टपरी पाडली तेवढं सांग." म्हटलं, "टपरीचं ना? येतो की." त्याचा मला रागच होता आणि चारचौघांत बोलायला मला आवडतं.

रविवारी दुपारी चारला मांडव भरला. माझी आई, बायको, मुलगी तिसऱ्या रांगेत. सुनंदाने सुरुवातच अशी केली की लोक सरसावून बसले. "माझे वडील ज्या बँकेच्या पायरीवर उभे राहायला कचरायचे, त्याच बँकेत मी काउंटरच्या आत बसते. बँका सरकारी कुणी केल्या? वडिलांना घराला जागा मिळाली ती कुणाच्या वीस कलमी कार्यक्रमात? टिपणीससाहेब, तुम्ही म्हणता लोकशाही मारली. मारणारा माणूस आपणहून निवडणूक लावतो का? बाई हरल्या. हरल्या आणि खुर्ची सोडून घरी गेल्या."

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. टिपणीससाहेबांनी वर्तमानपत्रांचं, तुरुंगांचं, कायद्यांचं सगळं मांडलं, नेहमीसारखं नीट. पण मांडव सुनंदाकडे गेला होता. मी माणसं ओळखतो; सौदा हातातून गेला की विकणाऱ्याच्या मानेला कळतं. त्यांच्या मानेला कळलं होतं.

मग माझं नाव पुकारलं. मी वर गेलो. शपथ घेतली, लोक हसले, मीही हसलो.

"आपली टपरी होती?"

"होती. पाडली. सामानसुद्धा काढू दिलं नाही."

"पुढे गाळा मिळाला?"

"मिळाला."

"फुकट मिळाला?"

मला वाटलं भाड्याचं विचारतात. म्हटलं, "भाडं भरतो ना."

"अर्जासोबत काय मागितलं होतं आपल्याकडे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, न्यायाधीशांकडे पाहत होते. मी हळूच म्हणालो, "साहेब, टपरीचं ठरलं होतं."

"साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं. काय मागितलं होतं?"

मांडवात एक मूल रडत होतं, तेवढाच आवाज. साहेब म्हणाले, "साक्षीदाराचं मौन नोंदवून घ्यावं, न्यायमूर्ती. या माणसाला पोटासाठी एक गाळा हवा होता. त्याच्याकडून ऑपरेशनचा दाखला मागितला गेला. एका मुलीवर. पंचविशी-तिशीतला तरुण. बँका उघडल्या हे खरं, पण या माणसाचं दार कायमचं बंद केलं गेलं. याची भरपाई बचाव पक्ष कोणत्या बँकेतून करणार आहे?"

ते वाक्य उत्तम होतं. मी सौद्यातला माणूस आहे, मला मालाची किंमत कळते.

न्यायाधीशांनी सुनंदाला विचारलं, उलटतपासणी? ती उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं. खाली तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. म्हणाली, "मला यांना काहीही विचारायचं नाही. यांना खाली जाऊ द्यावं." आणि बसली. त्यानंतर तिने जे काही भाषण केलं ते केलं नसतं तरी चाललं असतं. खटला टिपणीससाहेबांनी जिंकला.

घरी आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "देवांपुढे खोटं पाडलंस मला." मग बायकोच्या ताटात स्वतः वाढलं. बाजारात तर विचारूच नका. गिऱ्हाईकं पँट बघता बघता माझ्याकडे अशी बघायची की वाटे, पँटचा भाव कमी केलेला चालेल पण ती कीव नको. चंदूमलने दुकानात येऊन खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

खटल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी टिपणीसांकडे गेलो होतो. चहा आला, घेतला नाही.

"तुम्ही म्हणालात, तुमच्याकडे राहील."

"म्हणालो होतो."

"मग?"

"दामू, मी आत होतो. माझा बाईंवर राग आहे. माझी साक्ष दूषित. देवळाबाहेर तू सांगितलंस तेव्हा तुझ्या बोलण्यात मला राग दिसला नाही. तुझी साक्ष स्वच्छ होती."

"आता नाही राहिली स्वच्छ. आता आहे राग. तुमच्यावर."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"तुमचं दुखणं वादात चालत नाही, माझं चालतं? तुमचं काय सोवळ्यात आहे?"

आतून टिपणीसबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी वाकून तो कप त्यांच्या हातात दिला.

"दुसरं सांगा. कोपऱ्याचा गाळा का गाळलात?"

त्यांनी मान वर केली. हा प्रश्न येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "त्याने खटला कच्चा झाला असता. तू सौदा केलास म्हटल्यावर सुनंदा म्हणाली असती, राजीखुशीने झालं."

"म्हणजे साऱ्या गावाची बाजू तुम्ही पुरी करता आणि माझी अर्धी ठेवलीत! मला बेचारा केलंत. मी बेचारा नव्हतो, साहेब. त्या माणसाने माझ्याकडून घेतलं ते घेतलं, पण मी रिकाम्या हाताने उठलो नव्हतो. तेवढं एकच माझं होतं त्यात."

"माफी मागतो, दामू."

"इथे नाही. जिथे बोललात तिथे मागा. मांडवात."

"तिथे मागायची तर सगळं पुन्हा सांगावं लागेल. तुझ्या आईसमोर, सगळ्यांसमोर."

"सांगा! पण पुरतं सांगा."

त्यावर ते डोळे मिटून बसले. दोन्ही बाजू ऐकत असावेत. निकाल काही दिला नाही. मी उठलो.

पुढच्या वर्षी मंडळाने नाटक केलं, त्याच्या पुढच्या वर्षी गाण्याचा कार्यक्रम. अभिरूप न्यायालयाचं नाव निघालं की टिपणीससाहेब विषय बदलत, असं ऐकलं. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आला, मी ताट तसंच परत पाठवलं. बायको म्हणाली, "करंज्यांनी काय केलं होतं?"

एकदा ते दुकानात आले. निवृत्त झाले होते. मी एक पँट काढून दाखवली. "भाव?" मी सांगितला. त्यांनी करंगळी मिटली, "आधी तुझी बाजू..."

"एकच भाव आहे," मी म्हटलं.

मी आयुष्यात कुणाला हे वाक्य बोललो नव्हतो. आमच्या गल्लीत ते शिवीसारखं आहे. चंदूमल गल्ल्यावरून बघत राहिला. साहेबांनी मिटलेली करंगळी सोडली, सांगितले तेवढे पैसे मोजून दिले, पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरून गेले. पँट त्यांना कमरेत सैल होणार हे मला दिसत होतं. सांगितलं नाही.

मग बरीच वर्षं गेली. बदलापूर वाढलं, मंडळ मोठं झालं, देणग्या देणाऱ्यांत माझं नाव वर आलं. नव्वदीच्या मध्यात मंडळाने कॉलेजच्या मुलांसाठी वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय पुन्हा बाईच: त्यांनी देशाला काय दिलं आणि काय घेतलं. आता त्यावर कुणी भांडत नव्हतं. मुलांना ते पाठ करायच्या धड्यासारखं झालं होतं. बक्षीस देण्यासाठी मला बोलावलं होतं. मी उशिरा गेलो आणि मागे खांबाशी उभा राहिलो.

पुढच्या रांगेत टिपणीससाहेब होते. काठी गुडघ्यांमध्ये धरलेली, शेजारी टिपणीसबाई. ऐकायला कमी येत होतं म्हणे, म्हणून पुढे.

एक मुलगा उभा राहिला. चुणचुणीत, हात छान करत होता. बोलता बोलता म्हणाला, "उल्हासनगरच्या त्या गरीब टपरीवाल्याची कहाणी आपल्याला माहीत आहे. पोलिसांची गाडी आली. त्याला फरफटत नेलं. तो हात जोडत होता, रडत होता. आणि त्याच्या वृद्ध मातेने त्याच धक्क्याने प्राण सोडला!"

माझी आई त्या वेळी घरी मेथी निवडत होती.

मांडव हळहळला. आणि टिपणीससाहेब काठी टेकत उभे राहिले.

"हरकत," ते म्हणाले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. लोकांना वाटलं गंमत आहे, काही जण हसले. "हरकत आहे माझी. गाडी आली नव्हती. फरफटत कुणी नेलं नाही. तो स्वतः चालत गेला. आणि जाण्याआधी सौदा करून गेला. कोपऱ्याचा गाळा मागून घेतला त्याने. ते मला माहीत होतं, आणि मी ते..."

"काका, प्रश्न शेवटी," मंडळाचा एक कार्यकर्ता खाली वाकून म्हणाला.

"प्रश्न नाही हा. मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं."

"हो काका, बसा, मुलाचा वेळ जातोय."

"वेळ त्याला वाढवून द्या. पण हे नोंदवून घ्या."

मागे कुणीतरी म्हणालं, "आजोबांना कुणीतरी कोर्टात न्या रे," आणि हशा पिकला. साहेब बोलतच होते. ओठ हलताना दिसत होते, पण स्टेजवरून त्या मुलाने कर्ण्यातून पुढचं वाक्य सुरू केलं होतं, आणि कर्ण्यापुढे म्हाताऱ्या माणसाचं काय चालणार?

स्टेजपर्यंत मला पंधरावीस पावलं होती. माईक त्या वर्षी माझ्याच देणगीतून आला होता. मी जाऊन तो मुलाच्या हातातून घेतला असता आणि साहेबांच्या हातात दिला असता तर मांडवात कुणी हूं का चूं केलं नसतं. इतकी वर्षं जे मागत होतो ते तिथे समोर चाललं होतं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. माझ्या पँटीचा भाव ठरवताना दोन्ही बाजू ऐकणारा माणूस होता तो, आणि मला त्याला एवढं स्वस्तात सोडायचं नव्हतं.

पहिलं बक्षीस त्या मुलालाच मिळालं. मीच दिलं. तो माझ्या पाया पडला. फोटोवाला म्हणाला, "शेठ, इकडे बघा," म्हणून मी समोर पाहिलं तर पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मांडवाच्या कनातीच्या फटीतून रस्ता दिसत होता. टिपणीसबाईंनी साहेबांचा दंड धरला होता आणि दोघं सावकाश घराकडे चालली होती. साहेब काठी उचलून हवेत काहीतरी दाखवत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा चालत होते. टिपणीसबाई मान हलवत होत्या. ते अजून बोलतच होते.